यकृतातील गाठ

मुलांनो, मराठीत जिगर म्हणजे हिंमत. तुम्ही ज्या अवयवाला जिगर म्हणता, तो यकृत. त्यातील गाठ सोनोग्राफीत दिसते, पण ती साधी की कर्करोगाची, हे नेहमी कळत नाही. मग शिरेत औषध टोचून एमआरआय काढतात. यकृताला सुमारे पाऊण रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, बाकीचे धमनीतून. पुष्कळ गाठी मात्र धमनीवरच पोसतात, म्हणून त्या आधी चमकतात. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया ही गाठ पाहा. नाव भीतिदायक, गाठ मात्र निरुपद्रवी! ती लगेच चमकते. तिच्या मधोमध पुष्कळदा ताऱ्यासारखा व्रण असतो, तो काळाच राहतो आणि काही मिनिटांनी उजळतो. ही खूण स्पष्ट दिसली, तर सहसा पोट चिरावे लागत नाही. शंका राहिली, तर सुईने तुकडा काढून तपासतात.