सुखाची नोकरी सोडावी काय?

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय १ व २

मावळांतील आमच्या मंडळ्यांपुढें एक प्रश्न वारंवार येतो. एखादा बंधु लोणावळ्यास रेल्वेंत किंवा तळेगांवच्या कारखान्यांत कायमच्या नोकरीवर असतो. पगार वेळेवर मिळतो, मुलांच्या शाळेची सोय झालेली असते. अशांत त्यास दुसरीकडून बोलावणें येतें. कोणास पुण्यांत मोठ्या पगाराची जागा, कोणास स्वतःचा धंदा, तर कोणास एखाद्या वसतिगृहाचें किंवा दवाखान्याचें काम. मग तो उपदेशकाकडे येऊन विचारतो, “मास्तर, मीं काय करावें?” या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देऊं नये. आज आपण नहेम्याच्या चरित्रावरून त्याचा विचार करूं.

१. कशासाठीं जावयाचें?

नहेम्या हा शूशन राजवाड्यांत अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. ती जागा मानाची, विश्वासाची व सुखाची होती. ती वाईट म्हणून त्यानें सोडिली नाहीं. यरुशलेमेचा तट पडला आहे आणि तेथील लोक दुर्दशेंत आहेत, ही बातमी हनानीनें आणिली व ती नहेम्याच्या जिवास लागली, म्हणून तो निघाला. साहेबाशीं खटका उडाला, कामाचा कंटाळा आला, शेजाऱ्यानें मोटार घेतली, हीं कारणें आपणांस जुन्या जागेवरून ढकलतात. परंतु नवी जागा चांगली आहे असें त्यांवरून ठरत नाहीं. पुढें कोणाचें कोणतें काम आपली वाट पाहत आहे, हें आधीं सांगतां आलें पाहिजे.

२. प्रार्थना आणि हिशेब

बातमी किसलेव महिन्यांत आली आणि नहेम्या राजाशीं बोलला तो नीसान महिन्यांत. मध्यंतरीं सुमारे चार महिने गेले. तेवढे दिवस तो प्रार्थना करीत होता आणि आपलें नेमलेलें कामही करीत होता. राजानें विचारितांच त्यानें मुदत सांगितली, वाटेवरच्या सुभेदारांस पत्रें मागितलीं आणि लांकडासाठीं आसाफाच्या नांवें पत्र मागितलें. यरुशलेमेस पोंहचल्यावर तीन दिवसांनीं, रात्रीं, थोडीं माणसें घेऊन त्यानें तट स्वतः फिरून पाहिला. मगच त्यानें लोकांस आपला विचार कळविला.

आपल्या बोरघाटांत याचा दाखला रोज दिसतो. घाटाची उतरण कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतकी आहे. म्हणून कर्जताकडे उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक घाट उतरण्यापूर्वीं तपासतात. ब्रेक तपासणाऱ्या चालकाचा देवावर भरवसा नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. त्याच्या मागें शेंकडों जीव बसलेले असतात. त्याचप्रमाणें नव्या जागेचा लेखी हुकूम हातीं आल्यावांचून राजीनामा देऊं नये. धंदा काढावयाचा असेल, तर मिळकत सुरू होईपर्यंत किती महिन्यांचें धान्य, भाडें व फी घरांत आहे तें मोजावें. आणि वडिलार्जित भातखाचर गहाण टाकून नशीब पाहूं नये.

३. भार कोणावर पडतो?

या घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. पहिला कंत्राटदार फॅवियेल यानें तें १८५९ सालीं सोडिलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल हा पत्नीसह विलायतेहून आला आणि येथें पोंहचल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट टाकिलें नाहीं. जाणत्या माणसांच्या हातीं व्यवस्था देऊन तिनें तें तडीस नेलें, आणि १८६३ सालीं घाटांतून गाड्या सुरू झाल्या. आपण तिच्या धैर्याची स्तुति करितों. परंतु हेंही ध्यानांत ठेवावें कीं, पतीनें अंगावर घेतलेलें काम एका दिवसांत पत्नीच्या अंगावर येऊं शकतें. जो घरीं न विचारितां राजीनामा देतो, तो दुसऱ्याच्या नांवें कर्ज काढितो.

४. यशाचें वचन नाहीं

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. पुढें वीसांहून अधिक वर्षें त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनाची सेवा केली. १९१७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं ती पगारी सेवा सोडिली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचें एक बंधुत्व व्हावें, ही त्यांची इच्छा होती. दोन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत, तोंच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यामागें दरबार फार दिवस टिकला नाहीं. मग त्यांचें जाणें चुकलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. परंतु जो बोलावण्यावरून निघतो त्याची भरभराट होईलच, असें वचन उपदेशकानें कोणासही देऊं नये. फळ आपल्या हातीं नसतें. हेतु शुद्ध ठेवणें, हिशेब खरा ठेवणें आणि घरच्यांशीं प्रामाणिक राहणें, एवढेंच आपल्या हातीं असतें.

५. निघणें व राहणें

नहेम्या राजाची परवानगी घेऊन, मुदत ठरवून गेला. आणि पुढें तो राजाकडे परत आला, असें तेराव्या अध्यायांत आहे. म्हणून नोटिशीची मुदत पुरी करावी, हातांतलें काम दुसऱ्यास नीट समजावून द्यावें आणि निघतांना कोणाची निंदा करूं नये. तसेंच, म्हाताऱ्या आईसाठीं किंवा मुलाच्या शेवटच्या वर्षासाठीं जो जुन्या जागीं राहतो, त्यास कोणीं भित्रा म्हणूं नये. विचार करून राहणें हेंही आज्ञापालन आहे.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. नहेम्यानें चार महिन्यांत काय काय केलें?
२. आपल्या गांवांतून कोणी नोकरी सोडून गेला असल्यास, त्याच्या घरच्यांचा भार मंडळीनें कसा वाहिला?
३. आपणांस आज जें बोलावणें आलें आहे, तें पगार तेवढाच राहिला असतां आपण स्वीकारूं काय?