युरिया, पेंढा आणि कोठीपोटातील प्रथिने

मुंबईच्या हार्बर मार्गावरील मानखुर्द परिसरात पशुधनाशी संबंधित दोन मोठ्या गोष्टी एकमेकींपासून फार दूर नाहीत. एक, १९७१ पासून चालू असलेले देवनारचे पशुवधगृह आणि दुसरी, चेंबूर-ट्रॉम्बे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना. कारखान्यात नैसर्गिक वायूतील हायड्रोजन व हवेतील नत्र यांपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. हा युरिया पिकांसाठी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातील नत्रापासून जनावराच्या पोटात प्रथिने तयार होऊ शकतात, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

सूक्ष्मजीवांपासून पशुखाद्य तयार करण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीने यीस्टचा असा उपयोग केला. पुढे ब्रिटनमध्ये आय.सी.आय. कंपनीने मिथेनॉलवर जीवाणू वाढवून ‘प्रुटीन’ हे खाद्य १९८० च्या सुमारास बाजारात आणले. त्यात सुमारे ७० टक्के प्रथिने होती. परंतु इंधन महागले, सोयाबीनची पेंड स्वस्त राहिली आणि प्रकल्प बंद पडला. शास्त्र बिनचूक, पण हिशेब चुकला, असेच म्हणावे लागेल. आज पुन्हा चीनमधील चोंगचिंग येथे नैसर्गिक वायूवर जीवाणू वाढवून मत्स्यखाद्य करण्याचा कारखाना उभा राहिला आहे.

रवंथ करणाऱ्या जनावरांजवळ असा कारखाना जन्मतःच असतो. गाय, म्हैस, शेळी यांच्या कोठीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. युरियाचे तेथे अमोनियात रूपांतर होते. सूक्ष्मजीव त्या अमोनियापासून आपल्या शरीराची प्रथिने घडवितात. हे सूक्ष्मजीव पुढे आतड्यात पचतात आणि जनावराला प्रथिने मिळतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा आकडा सुमारे २८७ टक्के येतो. हा आकडा कागदावरचा होय. सूक्ष्मजीवांना ऊर्जा मिळाली नाही, तर अमोनिया रक्तात जातो व जनावर दगावते. म्हणूनच युरियासोबत साखर कारखान्यातील मळी किंवा अन्य ऊर्जायुक्त खाद्य द्यावे लागते.

कोकणातील भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांवर प्रक्रिया करणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. १०० किलो कोरड्या पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. पेंढ्याचे थर देत द्रावण सारखे शिंपडावे, प्रत्येक थर तुडवून दाबावा आणि ढीग प्लॅस्टिकच्या कापडाने हवाबंद करावा. २१ दिवसांनी ढीग उघडून लागेल तेवढा पेंढा काढावा व अमोनियाचा वास जाईपर्यंत पसरून ठेवावा. मूळ पेंढ्यातील ३ ते ४ टक्के कच्ची प्रथिने यामुळे साधारण दुपटीपर्यंत जातात. पेंढाही मऊ होतो. महागड्या पेंडीची गरज यामुळे संपत नाही, कमी होते. विशेषतः अधिक दूध देणाऱ्या जनावराची पेंड बंद करणे योग्य नाही.

युरियाचे खडे थेट खाद्यात टाकणे, तसेच युरियाचे पाणी पाजणे किंवा उघड्यावर ठेवणे धोक्याचे आहे. सहा महिन्यांखालील वासरांना व घोड्यांना प्रक्रिया केलेला पेंढा देऊ नये. मोठ्या जनावरांनाही प्रथम थोडा देऊन आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे. विषबाधा झालेले जनावर थरथरते, लाळ गाळते, त्याचे पोट फुगते. अशा वेळी पशुवैद्यकास तात्काळ बोलवावे. तो येईपर्यंत जनावर शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास व्हिनेगर मिसळलेले भरपूर थंड पाणी जपून पाजतात.

ग्रामपंचायतीने ही प्रक्रिया गावात करून दाखवायची झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या देखरेखीखाली एका गोठ्यापासून प्रारंभ करावा. शेतीसाठीचा अनुदानित युरिया पशुखाद्य कारखान्यांकडे वळविणे हा मात्र खत नियंत्रण आदेश, १९८५ चा भंग होय. कारखान्यांना तांत्रिक प्रतीचा युरियाच विकत घ्यावा लागतो.