विमानांचा दवाखाना

पावसाळा तोंडावर आला की धरमतरच्या खाडीतल्या होड्या काठावर ओढून घेतात. जाणता माणूस होडीच्या बुडावरून हात फिरवतो. फट लागली की तिच्यात कापूस ठोकतात, वरून तेल लावतात. वरून चांगली दिसणारी होडी आतून फुटलेली असेल तर काय होते, हे पाण्यावर जाणाऱ्याला सांगावे लागत नाही.

विमानाचेही तसेच आहे. पण होडी गळू लागली तर पाणी उपसता येते, कसाबसा काठ गाठता येतो. आकाशात यंत्र बंद पडले तर थांबायला जागा कुठली? म्हणून विमान किती तास उडाले ते वहीत लिहितात. ठरलेले तास भरले, की यंत्र नीट चालत असले तरी उतरवतात. त्याचा एकेक भाग सुटा करतात, धुतात, कुठे तडा गेला आहे का ते बघतात. पुन्हा जोडल्यावर महत्त्वाचे नट तारेने बांधून टाकतात, म्हणजे हादऱ्याने ते सैल होत नाहीत. मग काम करणारा वहीत सही करतो. काय केले, कोणत्या दिवशी केले, कोणी केले, सगळे तिथे लिहिलेले असते. ही वही वाचल्याशिवाय शहाणा वैमानिक विमानात बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अशा दुरुस्तीचा एक मोठा कारखाना आपल्या देशात चालला. तो होता बंगळूरला. पण त्याची कल्पना काढणारा माणूस आपल्या सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद त्यांचे नाव. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खणण्यातही त्यांचा हात होता. १९३९ साली प्रवासात त्यांची पॉली नावाच्या एका अमेरिकन माणसाशी गाठ पडली. हा गृहस्थ चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत असे. वालचंदांनी मनात घेतले, आपल्याकडे का नको? म्हैसूर संस्थान मदतीला आले. २३ डिसेंबर १९४० रोजी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी निघाली. १९४१ साली तिथे जोडलेले पहिले विमान उडालेसुद्धा!

वालचंदांना नवी विमाने बांधायची होती. पण १९४२ साली जपानने सिंगापूर घेतले, मग रंगून घेतले. लढाई आपल्या दाराशी आली. सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. १९४३ मध्ये तो अमेरिकन सैन्याकडे गेला. नव्या विमानांचे काम मागे पडले. आता लढून, झिजून, मोडून आलेली विमाने बरी करायची होती. डाकोटा आली, लिबरेटर आली. कॅटलिना नावाची विमाने तर पाण्यावर उतरत. त्यांचे पोट होडीसारखे असे. बंगळूरला समुद्र नाही, मग करायचे काय? ती बेळंदूरच्या तळ्यात उतरवायची आणि तिथून ओढत कारखान्यात न्यायची. धरमतरच्या माणसाला यात काही नवल वाटले नसते!

हजारो देशी कामगार तिथे हे काम शिकले. दुरुस्ती म्हणजे दुय्यम काम, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला ते पटत नाही. पुढे काय झाले ते वाचा.

१९४५ साली युद्ध संपले. लिबरेटर हे चार यंत्रांचे प्रचंड बॉम्बफेकी विमान. त्याच्या पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट. अमेरिकेने ही विमाने इंग्रजांना युद्धापुरती दिली होती. युद्ध सरल्यावर परत तरी करायची, नाहीतर मोडायची, असा करार. कानपूरला इंग्रजांच्या हवाई दलाची ३२२ क्रमांकाची दुरुस्ती-तुकडी होती. तिच्या आवारात ही विमाने आणून निकामी केली. कुणाच्या यंत्रात वाळू घातली, कुणाची उपकरणे फोडली. विमाने जगवणाऱ्या तुकडीलाच विमाने मारण्याचे काम करावे लागले!

मग देश स्वतंत्र झाला आणि लगेच काश्मीरची लढाई उभी राहिली. आपल्या हवाई दलाकडे जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. डाकोटा हे सामान वाहणारे विमान, तर त्याच्या दारातून बॉम्ब खाली ढकलण्याची पाळी आली. नवी विमाने घ्यायला पैसा कुठला?

तेव्हा बंगळूरची माणसे कानपूरला गेली. गवतात पडलेले ते सांगाडे त्यांनी तपासले. या विमानाचे चाक काढ, त्याला लाव. त्याचे यंत्र काढ, याला बसव. असे करत एकेक विमान उडण्यापुरते सावरले. पण पुरती दुरुस्ती बंगळूरलाच होणार होती आणि बंगळूर तिथून सुमारे १५०० किलोमीटर! ही अर्धवट बरी झालेली विमाने तिकडे उडवत नेली कारखान्याचे वैमानिक जमशेद मुनशी यांनी. एक नेले, परत आले, दुसरे नेले. अशी ४२ विमाने पुन्हा उभी राहिली. आमच्या मते ही हिंमत लढाईतल्या हिमतीपेक्षा कमी नव्हे. मुनशींचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची लिबरेटर विमानांची पहिली तुकडी उभी राहिली. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरून ही विमाने समुद्रावर टेहळणीला जात. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांनी ती पाहिलीही असतील. भंगारात काढलेल्या त्या विमानांनी १९६८ सालापर्यंत, म्हणजे वीस वर्षे, चाकरी केली. त्यानंतर परदेशांतली संग्रहालये ती मागू लागली, कारण जगात इतरत्र लिबरेटर फारशी उरलीच नव्हती. त्यांतले एक ब्रिटनला गेले. अमेरिकेत गेलेले एक तर नीट करून पुन्हा आकाशात उडवले.