अंगवळणी पडताना

१. प्रस्तावना

जुने घर विकत घेतले, की त्यातील कोणती पायरी उंच आहे आणि कोणते दार जरा उचलून लावावे लागते हे कळायला काही दिवस जातात. वापरलेली मोटारसायकल घेतली, तरी असाच अनुभव येतो. तिला पहिल्या मालकाच्या हातापायांचे वळण पडलेले असते. नव्या मालकाच्या हातापायांना आपल्या आधीच्या गाडीचे वळण असते. ही दोन वळणे एकमेकांशी जुळेपर्यंतचा काळ नाजूक असतो. दूरच्या प्रवासासाठी घेतलेल्या एका जुन्या ‘बुलेट’च्या उदाहरणाने या काळाचा विचार आपण प्रस्तुत पाठात करणार आहोत.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• जुनी सवय नव्या सवयीच्या आड कशी येते, हे सांगू शकाल;
• वापरलेले वाहन घेतल्यावर पाळावयाचा क्रम स्पष्ट करू शकाल;
• ‘वळण’ या शब्दाच्या विविध अर्थच्छटा ओळखू शकाल.

३. मूळ पाठ

१९५५ साली मद्रासच्या ‘मद्रास मोटर्स’ने इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीच्या सहकार्याने भारतात बुलेट बनविण्याचा उद्योग आरंभिला. पुढे इंग्लंडमधील मूळ कंपनी बंद पडली. परंतु मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून ही गाडी निघतच राहिली. सैन्यात, पोलिसांत आणि डोंगराळ रस्त्यांवर तिने नाव कमावले. त्या जुन्या घडणीची, ३५० सी.सी.ची बुलेट आजही हौसेने विकत घेतली जाते, आणि घेणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा लांबचा रस्ता असतो.

या गाडीची एक जुनी खूण आहे. आज आपण पाहतो त्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाशी आणि मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. जुन्या बुलेटमध्ये नेमके उलट असते : गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. जुन्या इंग्रजी गाड्यांची ती रीतच होती. पहिला गिअर दांडा वर उचलून पडतो. दुसरा, तिसरा आणि चौथा खाली दाबून. कालांतराने कंपनीनेही गिअर डावीकडे आणला. पण तोवर रस्त्यावर आलेल्या गाड्या आपली जुनी रीत सांभाळून आहेत.

हा फरक ऐकताना किरकोळ वाटतो. मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालविताना तो एका दिवसात समजतोही. खरी परीक्षा होते ती वळणावर अचानक म्हैस आडवी आल्यावर. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो; पाय स्वतःच हलतो, आणि तो हलतो वर्षानुवर्षांच्या सवयीने. उजवा पाय ब्रेक समजून जोरात खाली दाबला जातो. तिथे ब्रेक नसून गिअरचा दांडा असतो. परिणामी गाडी थांबण्याऐवजी वरच्या गिअरमध्ये जाते आणि इंजिनाचा जो थोडा रोध मिळत होता, तोही कमी होतो. याउलट, गिअर बदलण्यासाठी डावा पाय सहज दाबला, तर मागचे चाक एकाएकी धरले जाते. रस्ता ओला असेल, तर ते घसरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नवी शिकलेली गोष्ट जुनीला पुसून टाकत नाही. ती तिच्या शेजारी येऊन बसते. मन शांत असते तेव्हा नवी सवय काम करते. मन घाबरले, की जुनी सवय पुढे धावते. म्हणून ‘मला जमले’ असे पहिल्या आठवड्यात वाटले, तरी त्यावर विसंबून घाटाची वाट धरू नये.

यावर उपाय सरावाचाच. पण तो क्रमाने करावा. प्रथम गाडी स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, पाय कुठे पडतात ते पाहावे. नंतर मोकळ्या मैदानात कमी वेगाने चालवावे आणि ठरविलेल्या खुणेपाशी पुनःपुन्हा थांबावे. हळूहळू वेग वाढवावा. शेवटी, खूण आधी ठरवू नये. सोबतच्या माणसाने सुरक्षित अंतरावर उभे राहून अवचित ‘थांब’ म्हणावे. पाय न अडखळता योग्य जागी पडू लागला, म्हणजे सराव रुजू लागला. या काळात घरातील दुसरी, डाव्या गिअरची गाडी शक्यतो चालवू नये. रोज दोन वेगळ्या रीती पाळल्या, तर एकही पक्की होत नाही.

एक दिलासाही आहे. पुढचा ब्रेक दोन्ही प्रकारच्या गाड्यांत उजव्या हातातच असतो. गाडी थांबविण्याचे अधिक काम पुढचेच चाक करते. कारण थांबताना भार पुढे सरकतो. हा ब्रेक झटक्याने न आवळता वाढत्या दाबाने धरावा. मात्र जुन्या बुलेटचे ब्रेक ड्रमचे असतात. डिस्क ब्रेकची सवय असलेल्याने पुढील वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर राखावे.

गाडी सुरू करण्यातही ओळख लागते. जुन्या बुलेटला घाईघाईने किक मारली, तर ती उलटून पायाला इजा करू शकते. किक सावकाश दाबत न्यावी. ॲमीटरचा काटा मध्यावर आला आणि पायाला रोध जाणवला, की डाव्या मुठीजवळची डीकॉम्प्रेसरची लहान दांडी ओढून किक किंचित पुढे सरकवावी. मग दांडी सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि एका दमात शेवटपर्यंत मारावी. यात ताकदीपेक्षा नेमकेपणा लागतो.

आता पहिल्या मालकाच्या वळणाकडे पाहू. क्लचची तार किती सैल, साखळी किती ढिली, आरसे कोणत्या उंचीला बेतलेले, हे सारे त्याच्या सोयीने ठरलेले असते. ते आपल्या अंगाला जुळवून घ्यावे. तेल केव्हा बदलले हे ठाऊक नसेल, तर ते बदलूनच आरंभ करावा. टायरवर नक्षी दिसते म्हणून तो चांगला समजू नये. त्याच्या कडेवरील चार अंकांत जन्माचा आठवडा व वर्ष असते : ०८२१ म्हणजे २०२१ सालचा आठवा आठवडा. वापराविना उभ्या गाडीचाही टायर वयाने कडक होतो व त्याला भेगा पडतात.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करू नये. इंजिन व चासी यांवरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत. मालकी आपल्या नावे करण्यासाठी ३० दिवसांत आणि विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. खासगी मोटारसायकलची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करवून तिचे नूतनीकरण करावे लागते. जुनी गाडी घेताना ही मुदत अवश्य पाहावी.

हे सर्व झाल्यावर प्रवासाचा विचार करावा, आणि तोही टप्प्याटप्प्याने. आधी पन्नास किलोमीटर जाऊन यावे व घरी आल्यावर कोणता नट सैल झाला, तेल कुठे पाझरले ते पाहावे. मग सामान बांधून तेवढेच अंतर पुन्हा जावे. कारण दीडशे किलोंहून जड असलेली ही गाडी भाराने वेगळीच वागते. जड वस्तू खाली व मध्याजवळ बांधाव्यात. उंच व मागे बांधल्यास पुढचे चाक हलके होऊन हँडल डळमळते. मागे माणूस बसवायचा तो याही नंतर.

खरेदीच्या दिवशी गाडी आपल्या नावाची होऊ लागते. पण अवचित प्रसंगी पाय चुकत नाही, तेव्हा ती आपली होते. मधल्या दिवसांना कंटाळणाऱ्याने लांबचा रस्ता जरा लांबच ठेवलेला बरा.

४. पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
(१) जुन्या बुलेटमध्ये मागचा ब्रेक – (अ) उजव्या पायाशी (आ) डाव्या पायाशी (इ) डाव्या हातात असतो.
(२) जुनी सवय विशेषतः – (अ) शांत मनाच्या (आ) घाबरलेल्या मनाच्या (इ) थकलेल्या शरीराच्या वेळी पुढे येते.

५. भाषाभ्यास

‘वळण’ या एका शब्दाला मराठीत अनेक अर्थ आहेत : रस्त्याचे वळण, अक्षराचे वळण, मुलांना वळण लावणे. शरीराला एखादी रीत इतकी सरावाची होणे, की ती विचार न करता घडावी, याला आपण ‘अंगवळणी पडणे’ म्हणतो. वरील चारही अर्थांनी हा शब्द वापरून वाक्ये तयार करा.

६. स्वाध्याय

(१) ‘नवी शिकलेली गोष्ट जुनीला पुसून टाकत नाही, ती तिच्या शेजारी येऊन बसते.’ या विधानाचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(२) आपण ज्या प्रांतात राहता, तेथील एखादी रीत आपल्या अंगवळणी कशी पडली, ते दहा ओळींत लिहा.