चेपलेली मोटार घ्यावी का?

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यातले गाव. नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता येथूनच जातो आणि आता समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची वाटही येथे आहे. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि २०२५ साली संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मोटारींना त्यावर ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. पूर्वी ज्या गाड्या चित्रातच पाहायच्या, त्या आता सोयाबीनच्या शेतांजवळून सपकन निघून जातात. एखादी कधी क्रेनला लटकूनही येते.

समजा, अशीच एक लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार गावातल्या गॅरेजपुढे येऊन पडली आहे. पुढचा डावा कोपरा चेपला आहे, बॉनेट दुमडले आहे. पण किल्ली फिरवली की इंजिन सुरू होते. मालक दोन लाख रुपये मागतो. तुमच्या दादाने दोन हंगामांचे पैसे बाजूला ठेवले आहेत. तो म्हणतो, "लय स्वस्तात भेटून राहिली. पत्रा ठोकून घेऊ, रंग मारू, झालं!" आई काही बोलत नाही. तुम्ही शाळेत विज्ञान आणि भूमिती शिकता. त्याला काय सांगाल?

प्रथम टकरीचे गणित करू. गाडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम धरा. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेग असताना तिची गतिज ऊर्जा (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) सुमारे १३९ किलोज्यूल होते. ही गाडी १४ मीटर उंचीवरून खाली सोडली तर जमिनीवर आदळताना तिच्यात एवढीच ऊर्जा असेल. वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी १२०. ऊर्जा चौपट होऊन ५५६ किलोज्यूल झाली आणि उंची झाली सुमारे ५७ मीटर. गंमत म्हणजे ही ऊर्जा एका ज्वारीच्या भाकरीतून मिळते जवळजवळ तेवढीच! पण भाकरी ती सावकाश, काही तासांत देते. टकरीत ती एका सेकंदाच्या छोट्याशा अंशात कोठेतरी जिरावी लागते. ती जिरते पत्र्यात.

पुढचा भाग चेपला यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही. तो मुद्दाम चेपण्यासाठीच असतो. मर्सिडीज-बेंझ कारखान्यातील अभियंते बेला बारेनी यांना या कल्पनेचे पेटंट १९५२ साली मिळाले आणि १९५९ मध्ये तशी मोटार बाजारात आली. पुढच्या व मागच्या भागाने चुरगळून ऊर्जा खायची आणि मधल्या कठीण पेटीने माणसांना सांभाळायचे, अशी ही वाटणी. तेव्हा दादाला विचारायचा खरा प्रश्न असा, की धक्का पुढच्या भागातच संपला, की मधल्या पेटीपर्यंत पोचला?

आता हातभर बाइंडिंगची तार घ्या, सळया बांधायला वापरतात ती. थोडीशी वाकवून सोडा. ती पुन्हा सरळ होते. हा तिचा स्थितिस्थापक गुण. आता काटकोनात वाकवा. मर्यादा ओलांडली गेली. ती तशीच राहिली. आता बोटांनी ती पूर्ववत सरळ करून दाखवा बरे! कितीही प्रयत्न करा, वाकलेल्या जागी एक लहानसा पीळ राहतोच आणि तार त्याच्या शेजारून वाकू लागते. कारण वाकलेला भाग आता इतर भागापेक्षा कठीण झाला आहे. तीच जागा मागे-पुढे दहा-वीस वेळा वाकवा. ती गरम लागेल आणि शेवटी तुटेल. ठोकून सरळ केलेला पत्रा वरून छान दिसतो, पण आतून तो या तारेसारखाच असतो.

"मग तापवून सरळ करू," असे गॅरेजमधला कोणी म्हणेल. याचे उत्तर लोहाराकडे आहे. विळा तापवून पाण्यात बुडवला की त्याला पाणी चढते, धार टिकते. तोच विळा चुकून चुलीत पडून राहिला तर पाणी उतरते. आजच्या मोटारींत दाराच्या चौकटीचे खांब व काही तुळया असेच पाणी दिलेल्या पोलादाच्या असतात. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताण त्या सोसतात. त्यांवर गॅसची ज्योत धरली की पाणी उतरलेच. रंग मारल्यावर ते कोणालाही दिसणार नाही; दिसेल पुढच्या टकरीत. असे खांब सरळ करायचे नसतात, कंपनीने सांगितलेल्या जागी कापून नवे बसवायचे असतात.

जुन्या जीपला खाली दोन जाड गर्डरांचा सांगाडा असे. तो आपल्या गावचे मिस्त्री उत्तम सरळ करत आणि त्यांच्या हाताला तोड नव्हती. पण आजच्या बहुतेक मोटारींत वेगळा सांगाडाच नसतो. अंड्याच्या कवचाप्रमाणे सारे अंगच भार वाहते. एका कोपऱ्यातला धक्का दूरच्या कोपऱ्यात उमटू शकतो.

तो उमटला आहे का, हे पाहायला ओळंबा, खडू आणि टेप पुरे. गाडी सपाट फरशीवर उभी करा. तिच्या पोटाखाली डावी-उजवीकडे सारख्या जागी असलेल्या बोल्टांच्या दोन जोड्या निवडा, एक पुढची, एक मागची. प्रत्येक बोल्टाच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा. (जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, हे काम मिस्त्रीने भक्कम स्टँड लावून करायचे.) मग गाडी बाजूला घ्या. फरशीवर चार ठिपके उरतील. दोन्ही कर्ण मोजा. चौकट शाबूत असेल तर कर्ण समान येतील. ती तिरकी होऊन समांतरभुज चौकोन झाली असेल तर एक कर्ण लांब, दुसरा आखूड. तीन-चार मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातही पडतो. दोन सेंटीमीटर फरक आला, तर इंजिन कितीही गोड वाजो, गाडीचे हाड मोडले आहे.

लोहचुंबकही जवळ ठेवा. तो फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवला, की जेथे जाड पुट्टी भरली आहे तेथे चिकटत नाही. मात्र फायबरग्लासच्या अंगावर ही युक्ती चालत नाही. गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची गाडी १९९८ साली आली. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनॉ कंपनीचे, १,१४९ घनसेंटीमीटरचे. फायबरग्लास वाकून राहत नाही; तो तडकतो. तडा घासून काचतंतूंचे कापड व राळ लावून सांधता येतो, हे काम त्या मानाने सोपे. पण अशा मोजक्याच बनलेल्या गाडीची काच किंवा दिवा फुटला तर तो मिळणार कोठे? दुर्मीळ गाडी घेताना हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

हवेच्या पिशव्या उघडल्या असतील तर त्या घडी घालून परत ठेवता येत नाहीत. त्या एका छोट्या स्फोटाने फुगतात आणि एकदाच. पट्टे ताणणारी यंत्रणाही बहुधा त्यासोबत बदलावी लागते.

आता पैशांचे गणित, आणि ते उलटे करा. अशी धड गाडी आठ लाखांना जाते असे समजा. अपघातातून उठलेली गाडी तेवढ्याला कोणी घेणार नाही, साडेपाच धरा. मिस्त्रीचा अंदाज तीन लाख. उघडल्यावर जे निघते ते या अंदाजात नसते, म्हणून निम्मी भर, दीड लाख. साडेपाचातून साडेचार गेले, उरला एक लाख. दादाने एक लाखाच्या वर जाऊ नये. तो दोन लाखांतून सुरुवात करून 'आठ वजा पाच, तीन लाख फायदा' म्हणत होता, त्याची चूक येथे आहे.

विमा कंपनीने गाडी 'संपूर्ण नुकसान' ठरवली असेल तर? दुरुस्तीचा खर्च विम्यातील ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की तसे ठरवतात. ही किंमत दरवर्षी उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीची नव्याच्या निम्मीच धरतात. त्यामुळे केवळ सुटे भाग महाग म्हणूनही गाडी या यादीत जाते. तेवढ्यावरून घाबरू नका, कर्ण मोजा.

मात्र कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नोंदणी रद्द झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणी पुस्तकातील चॅसी क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक अक्षर अन् अक्षर जुळवा, आणि त्याभोवती वेल्डिंगचा नवा सांधा दिसतो का तेही पाहा. दिसला, तर कर्ण समान असले तरी तेथूनच परत फिरा.

आणि कर्णांत फरक निघाला, पण कागद चोख आहेत, तर? मग ती गाडी म्हणून घ्यायची नाही. इंजिन, गिअरपेटी, चाके, मागचे दिवे यांची यादी करा, प्रत्येकाला काय किंमत येईल ते विचारा आणि बेरीज दादापुढे ठेवा.