गेम बनवायचाय? आधी हिशोब मांडा!

मित्रांनो, रात्री दोन वाजता रूममध्ये गेम खेळताना प्रत्येकाला एकदा तरी वाटतंच, "असा गेम आपणच बनवला तर?" जरूर बनवा. पण त्यातून लगेच पैसा मिळेल का, हे आधी पाहू.

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने बनवला. कोडिंग, चित्रं, संगीत, सगळं स्वतः! २०१६ साली तो आला आणि लाखोंनी खपला. पण त्याआधीची साडेचार वर्षं कोणी सांगत नाही. कॉम्प्युटर सायन्सची डिग्री असूनही तो थिएटरमध्ये पार्ट-टाइम नोकरी करत होता. 'अँग्री बर्ड्स' (२००९) हा तर रोव्हिओ कंपनीचा ५२वा गेम. आपल्या पुण्यातल्या 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पुरेशी वर्गणी जमली नाही. तरी टीमने काम सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम आणलाच.

आता हिशोब. स्टीमवर गेम ठेवायला १०० डॉलर फी लागते आणि विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीम घेतं. समजा, तिघांनी दोन वर्षं खपून बनवलेल्या ३०० रुपयांच्या गेमच्या ५०० कॉपी विकल्या गेल्या. हातात येतात १,०५,००० रुपये. म्हणजे प्रत्येकाला महिन्याला दीड हजारसुद्धा नाही, आणि टॅक्स वेगळाच. यात मेसचं बिलही भागणार नाही!

मग करायचं काय?

१) पहिला गेम एवढा छोटा ठेवा, की सुट्टीत पूर्ण होईल. अर्धवट दहा गेमपेक्षा पूर्ण झालेला एक बरा. बग काढणं, मेनू, सेव्ह, आवाज ही कामं शेवटीच कळतात.

२) गोडो आणि ब्लेंडर फुकट आहेत. महागड्या सॉफ्टवेअरची वाट बघू नका.

३) शेजारच्या रूममधल्याला खेळायला द्या आणि स्वतः गप्प बसा. तो जिथे अडकतो, तिथे चूक गेमची असते.

४) गेम तयार होण्याच्या खूप आधीपासून लोकांना दाखवा. २०२३ या एका वर्षात स्टीमवर १४ हजारांहून जास्त गेम आले. त्या गर्दीत आपला गेम आपोआप कोणाला दिसणार?

५) डिग्री सोडू नका, घरच्यांचे पैसे त्यात घालू नका.

पहिल्या गेमकडून पैशाची अपेक्षा ठेवू नका. त्यातून शिकायला मात्र भरपूर मिळेल आणि पूर्ण केलेलं एक काम इंटरव्ह्यूत दाखवता येईल. तेवढ्यासाठी करायची तयारी असेल, तर आजच सुरुवात करा. ऑल द बेस्ट!