‘अपेक्षित वाटा’ म्हणजे फीचे बिल नव्हे

प्रश्न : आमची मुलगी बारावीत आहे. कॉलेजच्या मदतीसाठी फॅफ्साचा अर्ज भरला, तेव्हा ‘स्टुडंट एड इंडेक्स’ म्हणून ३२,००० हा आकडा आला. ओळखीचे लोक त्याला ‘ईएफसी’, म्हणजे कुटुंबाचा अपेक्षित वाटा म्हणतात. एवढे डॉलर दरवर्षी तुम्हालाच भरावे लागतील, असेही सांगतात. आमची तेवढी बचतच होत नाही. दोन वर्षांनी धाकटाही कॉलेजात जाईल. शिवाय पुण्यातला आमच्या नावावरचा फ्लॅटही अर्जात दाखवावा लागला. हा आकडा ठरतो कसा? महागड्या कॉलेजांचा विचार आम्ही सोडून द्यावा का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : विचार सोडू नका. ३२,००० हे तुमचे बिल नाही. मदत वाटताना सगळ्या कुटुंबांना एकच माप लावता यावे, म्हणून काढलेला तो आकडा आहे. प्रत्यक्षात तुम्हाला त्याहून कमी भरावे लागेल किंवा जास्तही. ते कॉलेजावर अवलंबून आहे.

ही पद्धत जुनी आहे. कुटुंबाची ऐपत एका ठरावीक सूत्राने मोजून त्यानुसार शिष्यवृत्ती द्यावी, या विचारातून कॉलेज बोर्डाने १९५४ मध्ये ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ सुरू केली. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्र सरकारची मदत आली आणि १९९२ च्या दुरुस्तीतून फॅफ्सा हा मोफत अर्ज आला. त्यातून निघणाऱ्या आकड्याला ‘अपेक्षित कौटुंबिक वाटा’ म्हणत. तेवढीच रक्कम भरायची, असा घरोघरी समज होई. म्हणून २०२४-२५ पासून ते नाव बदलून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ केले. नाव बदलले, समज मात्र तुमच्या ओळखीच्या लोकांपर्यंत टिकून आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढतात आणि आठ लाखांच्या रेषेच्या आत असाल तर फी-सवलत मिळते. इथे अशी एक रेष नाही. पालकांच्या उत्पन्नातून कर आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे निर्वाहाची ठरावीक रक्कम वजा होते. उरलेल्या रकमेवर चढत्या दराने, २२ ते ४७ टक्के, हिशेब होतो. राहते घर आणि निवृत्तीची खाती फॅफ्सा मोजत नाही. पालकांच्या इतर बचतीचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग धरला जातो, मुलांच्या नावावरच्या पैशांचा मात्र २० टक्के. म्हणजे १०,००० डॉलर मुलीच्या खात्यात असले तर आकडा २,००० ने वाढतो; तेच तुमच्या खात्यात असले तर फार तर ५६४ ने.

पुण्यातला फ्लॅट तुमचे राहते घर नाही, त्यामुळे तो गुंतवणुकीत मोडतो. मालमत्ता परदेशात असली तरी दाखवावीच लागते. बाजारभावातून त्यावरचे कर्ज वजा करून उरलेली किंमत लिहायची. फ्लॅट सामाईक असेल तर फक्त तुमच्या हिश्शाची. तो दाखवलात, हे योग्यच केलेत.

आता या आकड्याचा उपयोग पाहू. कॉलेजचा एकूण वार्षिक खर्च, म्हणजे फी, राहणे, जेवण, पुस्तके, प्रवास, वजा तुमचा आकडा म्हणजे तुमची ‘गरज’. सरकारी विद्यापीठाचा खर्च ३६,००० असेल तर गरज ४,००० ची. खासगी कॉलेजचा खर्च ८५,००० असेल तर गरज ५३,००० ची. सगळी गरज भागवण्याचे वचन देणाऱ्या खासगी कॉलेजात तुमचा खर्च सरकारी विद्यापीठाएवढाच होऊ शकतो. पण अशी कॉलेजे थोडी आहेत. बाकीची गरजेचा काही भागच भागवतात आणि उरलेली दरी कुटुंबावर पडते. शिवाय अनेक खासगी कॉलेजे ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा अर्जही मागतात. त्यात राहत्या घराची किंमतही विचारात घेतली जाऊ शकते, आणि तिथे तुमचा आकडा फॅफ्सापेक्षा वेगळा निघतो.

धाकट्याबद्दल एक बदल ध्यानात घ्या. पूर्वी दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली की पालकांचा वाटा दोघांत विभागला जाई. नव्या सूत्रात ती सवलत नाही. सीएसएस प्रोफाइल वापरणारी काही कॉलेजे मात्र अजून हे लक्षात घेतात. तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला हा प्रश्न थेट विचारा.

फॅफ्सामध्ये दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात. २०२६-२७ च्या अर्जात २०२४ चे. त्यानंतर नोकरी गेली असेल किंवा आजारपणाचा मोठा खर्च आला असेल, तर कागदपत्रांसह मदत कार्यालयाकडे फेरविचाराची विनंती करा. आकडे बदलण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना कायद्याने दिला आहे. अशी विनंती करायला आपल्या घरांत संकोच वाटतो. तो ठेवू नका.

मदतीचे पत्र आले की तळाची बेरीज पाहून हुरळून जाऊ नका. कागदावर तीन रकाने आखा : परत न करायचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या, काम करून मिळवायचे ‘वर्क-स्टडी’चे पैसे, आणि व्याजासह फेडायचे कर्ज. एकूण खर्चातून फक्त पहिला रकाना वजा करा. उरेल ती त्या कॉलेजची तुमच्यासाठीची खरी किंमत. पत्रे एकमेकांशी ताडून पाहायची ती याच किमतीवर. पालकांच्या नावावरच्या ‘प्लस’ कर्जालाही १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी मर्यादा आहे : एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर. बाकीचे कर्जाने भागवू, हा हिशेब आता सहज जुळणार नाही.

धाकट्याच्या वेळी अर्ज भरण्याआधीच प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ वापरा. २०११ पासून तो ठेवणे कॉलेजांना बंधनकारक आहे, आणि तासाभरात चार-पाच कॉलेजांचा अंदाज येतो.

शेवटी एक विनंती. मुलीला हा सगळा हिशेब दाखवा. घर दरवर्षी किती देऊ शकते, ते तिला स्पष्ट सांगा. कॉलेज तिला निवडायचे आहे आणि कर्ज झाले तर त्यातले काही तिलाही फेडायचे आहे. छापील फी पाहून एकही कॉलेज यादीतून खोडू नका. मदतीचे पत्र हातात आल्यावरच ठरवा.